दुपारी सोडायचा

टोकरपाडा, सफाळ्याच्या वर
२० फेब्रुवारी १९९२

प्रिय पुंडलिक,

तू परवा संध्याकाळची गाडी गाठायला घाईने उतरलास आणि खरी गंमत तुझ्या पाठीमागे झाली. म्हणून लगेच लिहायला बसलो. पालघरच्या वसतिगृहात आपण एका पत्र्याच्या पेटीवर बसून अभ्यास करायचो, तू दांडीचे सुके बोंबील आणायचास आणि मी कणगरं, आमच्या रानातले कंद. त्या वेळी कोणी सांगितलं असतं की एक दिवस हा मांगेला कोळ्याचा पोर वारल्याच्या पाड्यावर ऊन पकडायला येईल, तर आपण त्याला वेड्यात काढलं असतं.

तू गेल्यावर अंधार पडला. मंगळी आत्याच्या घरात सगळा पाडा जमला होता. मला माहीत होतं काय होणार, तरी बटण आधी चाचपून मगच दाबलं. आणि उजेड पडला! आवाज नाही, धूर नाही, रॉकेलचा वास नाही. आमच्या डोक्यावरून तारापूरच्या विजेचे मनोरे मुंबईकडे गेलेत, त्यांच्या सावलीत आमची गुरं बसतात. वीज अशी वरूनच जायची असते, असं आम्ही धरून चाललो होतो.

आत्या मात्र दिव्याकडे बघतच नव्हती. ती स्वतःचे हात बघत होती. उलटेसुलटे करून, बोटं पसरून. मग म्हणाली, "देवू, माजे हात मला दिसले रं."

तुला सांगितलं होतं ना, या पाड्यातली निम्मी माणसं तिच्याच हातांनी जगात आली, मी धरून. पण गेल्या पावसाळ्यात चिमणीच्या उजेडात एकीची नाळ कापताना तिचा हात चुकला. बाळ-बाळंतीण वाचली, पण रक्त फार गेलं. त्या दिवसापासून तिने सुईणपण सोडलं होतं. पावसात ओहळ भरले की डोली खाली उतरत नाही, आणि वर दुसरी सुईण नाही. म्हणून तर संस्थेने चाचणीसाठी दिलेला उन्हावर चालणाऱ्या दिव्याचा एकुलता एक संच तिच्या घरावर बसवायचा मी हट्ट धरला. परवा ती पाड्याला म्हणाली, "आता आना बाया माज्याकडं."

मला रडू आलं. तुला हसायचं तर हस.

तुझा
देवू

*

दांडी
२ मार्च १९९२

प्रिय देवूमास्तर,

हसलो नाही. पत्र दोनदा वाचलं आणि मग बायकोला वाचून दाखवलं.

बोईसरला कंपनीत मी तीस वर्षं वायरमन होतो. जिथे वीज तिथे काहीतरी फिरताना, जळताना, घरघरताना पाहिलं. छपरावरच्या या काचेत काहीच हलत नाही. संस्थेत हे बसवायला शिकलो तेव्हा साहेबांनी सगळं समजावलं, मी मान डोलावली, परीक्षाही पास झालो. पण खरं सांगू का, अजून माझा विश्वास बसत नाही. दर वेळी बसवून झाली की तारेला मीटर लावतो, काटा हलतो आणि माझ्या अंगावर काटा येतो. साठीला आलेल्या माणसाने असं लिहू नये, पण तुझ्यापाशी काय लपवायचं?

आता कामाचं. काच रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायची. छपराच्या दक्षिण बाजूला, पागोळीच्या अगदी वर, उभ्याने हात पोचेल अशी मी ती मुद्दाम बसवली आहे, म्हणजे आत्याला शिडी चढावी लागू नये. बॅटरीत पाणी कमी झालं तर मी ठेवलेल्या कॅनमधलंच घालायचं, विहिरीचं नाही. बॅटरीच्या पेटीवर हिरवा दिवा म्हणजे पोट भरलेलं. तांबडा लागला म्हणजे उपास, मग बटणाला हात लावायचा नाही. दिवा रोज चार तास चालेल.

आत्याला माझा नमस्कार सांग. आणि पुढच्या वेळी कणगरं उकडून ठेव, नुसत्या चहावर बोळवण करू नकोस.

तुझा
पुंडलिक

*

टोकरपाडा
१० मे १९९२

प्रिय पुंडलिक,

उशीर झाला. शाळेच्या परीक्षा झाल्या, आणि सुट्टी लागली तशी साक्षरतेच्या शिबिरासाठी मला पालघरला अडकवून ठेवलंय. सकाळी जातो, रात्रीच परततो.

बातमी अशी की आत्याची नात जिवली माहेरपणाला आली आहे. पहिलटकरीण. तिची आई लहानपणीच गेली, तिला आत्यानेच वाढवलं. श्रावणात दिवस भरतील. नेमका ओहळ भरायचा महिना. पोरगी घाबरट आहे, पण आत्या तिला सांगते, "घाबरू नको, आपल्याकडं दिवा हाय."

दिव्याचीच एक तक्रार आहे. आधी चार तास चालायचा, आता दोन-अडीच तासांत डोळे मिटतो. काच तर अशी लख्ख आहे की तीत तोंड बघावं. आत्या सकाळी पुसते, संध्याकाळी पुन्हा पुसते. स्वतःच्या पोराचं तोंड इतकं पुसलं नसेल. पाणी तुझ्याच कॅनमधलं घातलं. मग हे काय?

तुझा
देवू

*

दांडी
१९ मे १९९२

प्रिय देवू,

रागावू नकोस, पण ऊन रणरणतं आहे आणि बॅटरी उपाशी, असं होत नाही. भर मे महिन्यात तर दुपारपर्यंतच तिचं पोट भरायला हवं. म्हणजे कोणीतरी चोरून खातंय. हे लग्नांचे दिवस. कोणा नवरदेवाने बॅटरी काढून टेपरेकॉर्डर वाजवला नाही ना? मागे एका गावात लोकांनी बॅटरी लग्नाला नेली आणि वरातीनंतर आणून गुपचूप ठेवली. विचारलं तर सगळे साळसूद.

तू शाळामास्तर, तुला सगळे चांगलेच दिसतात. चौकशी कर. मी आठ दिवसांत स्वतः येतो आणि चोर पकडून देतो.

तुझा
पुंडलिक

*

टोकरपाडा
२८ जून १९९२

प्रिय पुंडलिक,

आठ दिवस म्हणालास, चाळीस झाले. तू आला नाहीस आणि पत्रही नाही.

चौकशी केली. टेपरेकॉर्डर अख्ख्या पाड्यात एक, झिपरूचा, आणि तो दोन वर्षं बिघडलेला आहे. आमच्या लग्नात तारपा वाजतो, त्याला बॅटरी लागत नाही. तुझ्या चौकशीपायी मी झिपरूला विचारलं, तर तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही. आम्ही गरीब असू, पण बाळंतिणीच्या दिव्यातलं चोरून खाणारे नाही. हे तुला सांगावं लागलं याचं वाईट वाटतं.

आता पाऊस लागला आणि पेटीवर तांबडा दिवा कायमचा बसला. बटण दाबलं तर दिव्याची नळी नुसती लुकलुकते. आत्या दोन दिवस काच पुसत राहिली. काल म्हणाली, "दिवा नाय त मी जिवलीला हात नाय लावनार. पुन्ना चुकले त कोनाला तोंड दाखवू?" जिवली हे ऐकत होती. आता ती जेवत नाही.

तुला यायचं नसेल तर तसं लिही. पण काय करू ते सांग. दोन महिनेही उरले नाहीत.

देवू

*

दांडी
६ जुलै १९९२

प्रिय देवू,

माझं चुकलं. झिपरूला माझी माफी सांग. कंपनीत मी इतके चोर पाहिले की आता सरळ माणसावरही डोळा वाकडा जातो.

येणं जमलं नाही. घरात एक लग्न, मग छपराची डागडुजी, शिवाय मुलाच्या बोटीची पावसाळ्याआधीची कामं. तू काय समजायचं ते समज.

सफाळ्याच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसणाऱ्या आमच्या साखरबाईबरोबर काचेची एक नळी पाठवली आहे. त्या नळीने बॅटरीतलं पाणी ओढून आतलं तरंगणं कुठवर येतं ते लिहून कळव. आणि एक कर. एखाद्या दिवशी शाळेला दांडी मार, मास्तर! दुपारी बारा ते तीन त्या काचेसमोर बस. त्या वेळी तिच्यावर कशाची सावली येते ते बघ. एखादी फांदी वाढली असेल, वेल चढला असेल. तळहाताएवढी सावलीसुद्धा सगळं ऊन अडवते. ढगातूनही उजेड झिरपतो, पावसातही थोडं मिळायला हवं.

माझ्यावर रागाव, पण हे कर.

पुंडलिक

*

टोकरपाडा
१४ जुलै १९९२

प्रिय पुंडलिक,

सावली सापडली.

काल शाळेत न जाता घरीच राहिलो आणि समोर आत्याच्या छपरावर नजर ठेवून बसलो. पाऊस उघडला होता. साडेअकरापर्यंत काच छान उघडी होती. बाराच्या सुमारास लावणीतले लोक बैल सोडून वर आले. तेवढ्यात आत्या बाहेर आली, पडवीतलं इरलं उचललं आणि काचेवर पालथं घातलं. उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवला. पुढ्यात वाटीभर पाणी ठेवलं. मग काचेच्या कडेवरून, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला आणि आत गेली.

मी धावत गेलो. "आत्या, हे काय करतेस?"

ती माझ्याकडे अशी बघू लागली की मीच वेडा. "काय म्हंजे? सोडला त्याला."

"रोज सोडतेस?"

"रोजच. उन्हाळ्यात पळसाची पानं घालायची, आता पावसात इरलं. सांजेला पुसून पुन्ना उघडा करते. अरे, नांगराचा बैल पन बाराला सोडतात. हा बिचारा उगवतीपासून जुंपलेला, ना खातो, ना वरडतो. राबनाऱ्याला दुपारी सोडायचा, नाय त तो एक दिवस आडवा पडतो. तुज्या बापानं तुला हे नाय शिकवलं?"

शिकवलं होतं, पुंडलिक. मी नऊ वर्षांचा असताना दुपारी बैल जुंपलेलेच ठेवून करवंदं खायला गेलो, तेव्हा बापाने मला त्याच जूला बांधून उन्हात उभं केलं होतं.

आणि ऐक. हे पाड्यात सगळ्यांना माहीत होतं. शेजारणी इरलं घालायला मदत करायच्या. मला कोणी सांगितलं नाही, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलंच नाही. तूच काच तिच्या हाताशी बसवलीस आणि मी दुपारी कधी घरी नसतो.

आता मजा बघ. जिला या दिव्याची सगळ्यांत जास्त गरज, तीच त्याला उपाशी ठेवते आहे, आणि तेही मायेने. तिला चूक झाली म्हणून कोणत्या तोंडाने सांगू? गेल्या वर्षीच्या चुकीने ती अर्धी झाली आहे. आणखी एक ऐकून ती उठायची नाही.

तू बसवलास. तूच येऊन सांग.

देवू

*

दांडी
१९ जुलै १९९२

प्रिय देवू,

पत्र मिळालं. तीस वर्षांत मी हजारो यंत्रं चालू केली. एकालाही कधी विचारलं नाही, दमलास का म्हणून.

आता खरं सांगतो. २१ मेला तुझ्याकडे यायचं म्हणून निघण्याआधी छपराची चार कौलं सारायला चढलो आणि शिडीवरून पडलो. पायाच्या नळगुडीचं हाड मोडलं. प्लास्टर गुडघ्याच्या वरपर्यंत आहे. ना लग्न होतं, ना बोटीची कामं. पन्नास फुटी खांबावर चढणारा माणूस पाच फुटांवरून पडला हे लिहायची लाज वाटली. म्हणून खोटी कारणं लिहून मोकळा झालो. मला माफ कर.

येऊ शकत नाही. खालचा मजकूर आत्याला वाचून दाखव, माझ्याच शब्दांत.

"मंगळी आत्यास पुंडलिकचा नमस्कार. तू दिव्याला दुपारी सोडतेस हे कळलं. माझ्या कामाची इतकी काळजी आजवर कोणी घेतली नव्हती. चूक तुझी नाही, माझी. काच पुसायची कशी ते मी सांगितलं, ती काय करते ते सांगितलं नाही. आत्या, काच राबत नाही. ती पागोळीखाली ठेवलेला हंडा आहे. पाऊस पडतो, हंडा भरतो, त्यात हंड्याला कष्ट नाहीत. उन्हाची धार दुपारी सगळ्यांत मोठी असते आणि नेमका तेव्हाच तू हंडा पालथा घालतेस. तो उताणा ठेव. जिवलीच्या वेळेला तो भरलेला हवा, कारण तुझ्या हातांना उजेड हवा."

आणि देवू, उद्यापासून जिवली मोकळी होईपर्यंत दिवा कोणीही लावायचा नाही. एक क्षणही नाही. थेंब थेंब साठू दे.

पुंडलिक

*

टोकरपाडा
२६ जुलै १९९२

प्रिय पुंडलिक,

पाय मोडून घेतलास आणि वर बहाणे! भेटशील तेव्हा दुसराही मोडतो. मी तुझ्यावर काय काय मनात धरलं होतं ते लिहीत नाही, आपण फिटंफाट करू.

वाचून दाखवलं. आत्याने दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "हंडा नाय राबत, कबूल. मग राबतो कोन?"

मी म्हणालो, "सूर्य."

"त्याला दुपारी कोन सोडतो?"

मी म्हणालो, "त्याला कोणी सोडत नाही, आत्या. तो संध्याकाळी आपला आपण जातो."

तिने मान वर केली. वर ढगच होते, पण त्यांच्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षं मी पोरांना सूर्यमाला शिकवतो, पण त्या म्हातारीला सूर्य जसा त्या घटकेला दिसला तसा मला कधी दिसला नाही, हे मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं. शेवटी उठली आणि इरलं काढून खुंटीला लावलं.

दिवा कोणी लावत नाही. झिपरूने बटणावर पळसाचं पान बांधलं आहे.

देवू

*

टोकरपाडा
२४ ऑगस्ट १९९२

प्रिय पुंडलिक,

शनिवारी जिवलीला कळा सुरू झाल्या. सहा दिवस सूर्य दिसला नव्हता. ओहळ दोन्ही बाजूंनी वाहत होते, डोली काढायचा प्रश्नच नव्हता. दिवस मावळला तेव्हा सगळ्या बाया आपापल्या चिमण्या घेऊन आल्या, न जाणो. पेटीवर हिरवा दिवा होता, पण त्यात किती आहे कोणाला ठाऊक?

झिपरूने पान सोडलं. आत्याने स्वतः बटण दाबलं. उजेड पडला, पांढरा, न हलणारा.

आम्ही पुरुष पडवीत. फटींतून येणारा उजेड आमच्या पायांवर पडत होता, आणि कोणी पाय हलवला नाही, खरंच नाही! जणू हललो तर तो सांडेल. अडीच तास. मी मनात एकच घोकत होतो, अजून थोडा, अजून थोडा.

मग आतून आत्याचा आवाज आला, "थांब. जोर देऊ नको. मानेला वेढा हाय." आणि नंतर काहीच नाही. पुंडलिक, ते काहीच नाही मला जन्मभर ऐकू येईल. आणि मग रडणं.

मुलगी आहे. दोघी बऱ्या आहेत. आत्या बाहेर आली आणि हात पुढे करून म्हणाली, "नाळ दोन फेरे होती. बारीक. चिमनीत मला दिसलीच नसती." आत असताना तिचा हात एकदाही अडला नाही असं बाया सांगतात.

मग आम्ही काही म्हणायच्या आत तिने दिवा बंद केला. "राबला लय. सोडा आता." आम्ही सगळे अंधारात बसून राहिलो आणि कोणालाही चिमणी लावावीशी वाटली नाही.

तू इथे असायला हवा होतास.

तुझा
देवू

*

दांडी
१२ ऑक्टोबर १९९२

प्रिय देवू,

घरी सुखरूप पोचलो. काठी गाडीतच विसरणार होतो, एका बाईने हाक मारून दिली.

तुझ्या घरी जेवलो, कणगरं खाल्ली, पोरीला मांडीवर घेतलं, ते तुला माहीत आहे. पण शुक्रवारी तू शाळेत गेल्यावर जे झालं ते तुला ठाऊक नाही, आणि बहुधा पाड्यात तुला कोणी सांगितलंही नसेल.

सकाळपासून मी तारा तपासल्या, बॅटरीची टोकं घासली, सगळं उभ्यानेच. पाय ठणकत होता, पण काम अर्धवट टाकायची सवय नाही. बारा वाजले. ऑक्टोबरचं ऊन, अंगण भाजत होतं. आत्या बाहेर आली. म्हटलं, आता इरलं घालते की काय. तिने काही घातलं नाही. काचेसमोर उघड्या अंगणात खाली बसली, डोक्यावर पदरही न घेता.

मी म्हणालो, "आत्या, सावलीत बस. ऊन लागेल."

"तो वर राबतो, त्याला सोडता येत नाय," ती म्हणाली. "मग एकट्याला कशाला राबवायचा? मी असते सोबतीला. सांज उतरली की उठते."

देवू, ती जुलैपासून रोज बसते. पावसात इरलं घेऊन बसत होती. मी शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, "हां, बसते," आणि धान पाखडत राहिली.

मला काय वाटलं ते नीट लिहिता येणार नाही. ज्या गोष्टीवर माझा अजून विश्वास बसला नव्हता ती तिला पहिल्यापासून ठाऊक होती. कोणीतरी आपल्यासाठी राबतंय, एवढंच. मी मीटर लावून बघायचो, ती समोर बसून बघते. मीही तिच्या शेजारी बसायला गेलो, पण पाय वाकेना, तोंडातून आवाज निघाला.

तिने माझ्या नळगुडीवर हात ठेवला. बाळाचं डोकं चाचपावं तसा. "हा पन सकाळपासून जुंपलेला हाय," म्हणाली. "यो सूर्य नाय. याला सोडता येतो." मला हाताला धरून पडवीत नेलं, आडवं केलं आणि खुंटीवरचं ते इरलं काढून माझ्या पायावर पालथं घातलं. जवळ वाटीभर पाणी ठेवलं.

मी दुपारी कधी झोपत नाही, तुला माहीत आहे. कंपनीत नाही, निवृत्तीनंतर नाही, प्लास्टरमध्ये असतानाही नाही. त्या दिवशी झोपलो. उठलो तेव्हा साडेतीन वाजले होते. पेटीवर हिरवा दिवा होता, आत पोरगी कुरकुरत होती, आणि आत्या अजून अंगणात तिथेच बसलेली होती.

तुझा
पुंडलिक